सव्वीस काड्यापेट्यांचं यंत्र

परवा भाच्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "मावशी, हे बघ, तू सांगतेस ते जुनं यंत्र."

पडद्यावर खरोखरच ते होतं. खिशात मावणारा कॉम्प्युटर, एका ओळीचा काळपट पडदा, खाली बारीक बारीक कळांच्या रांगा. बोट लावलं की कळ दाबली जायची आणि आकडाही तसाच उमटायचा. भाचा समजावून सांगायला लागला, "याला एम्युलेटर म्हणतात. मूळ यंत्र मिळत नाही, म्हणून त्याची नक्कल करायची. बाहेरून नाही, आतून. ते जसं वागायचं तसंच ही नक्कल वागते. चुकाही त्याच्याच करते."

मी म्हटलं, "मला नको शिकवू. तुझ्या जन्माच्या आधी मी ही नक्कल केली आहे. काड्यापेट्यांची."

तो हसला. मी काही सांगितलं की आधी हसायचं, ही त्याची सवय आहे, आणि कुणी असं हसलं की मला राग येतो, ही माझी. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. दिवाळी झाली की माझे आईबाप मेंढरं घेऊन पाथरीच्या अंगानं गोदाकाठाला उतरायचे आणि मिरगाच्या आधी माघारी यायचे. मला शाळा सुटू नये म्हणून चारठाण्याला आत्याकडे ठेवलेलं. वर्षातले सहा-सात महिने मला आईबाप दिसायचे नाहीत. तिथंच मी दहावी झाले, मग जिंतूरला एसटीनं येऊन-जाऊन बारावी सायन्स. आमच्या नात्यागोत्यात एवढं शिकलेली पोरगी नव्हती, आणि ते सगळ्यांना खुपायचं. "पोरीला कलेक्टर करायलाव काय?" असं भर पंगतीत माझ्या बाला, म्हणजे वडिलांना, विचारायचे. बा म्हणायचा, "जमलं तर करू." एवढं बोलून भाकरीवर वाकायचा.

बारावीनंतर तीन वर्षं मी अर्ज करत राहिले. चौथ्या वर्षी भादव्यात बा आत्याकडे आला, उंबऱ्यावर बसला आणि पाणी प्यायच्या आधीच बोलला.

"तुझ्या मायचे गुडघे गेले. बसली की उठता येत न्हाई. वाटंत मेंढरू यालं तर कोकरू कोण उचलायचं? दसऱ्यापस्तोर तुझं काय जमलं तर जमलं. न्हाईतर दिवाळीनंतर आमच्यासंगट चल."

यात धमकी नव्हती. असती तर मी भांडले असते. तो खरं तेच सांगत होता, आणि आईला मी वाऱ्यावर सोडणार नव्हते, म्हणून हो म्हटलं. मेंढरांची मला लाजही नव्हती. पण मला गणित आवडायचं. नुसतं आवडायचं असं नाही, मला ते यायचं, आणि जे येतं ते न करता जगायचं, हे मला मान्य नव्हतं. ते मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एक पत्र आलं. येलदरीच्या वाटेवर पावसापाण्याच्या नोंदी ठेवणारं एक छोटं ऑफिस होतं. आता ते नाही. तिथं सहायकाची एक जागा होती. पत्रात लिहिलं होतं, "उमेदवारास प्रोग्रामेबल पॉकेट कॉम्प्युटरवर आकडेमोड करता येणे आवश्यक आहे. प्रत्यक्ष चाचणी घेण्यात येईल." चाचणी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी होती.

आत्याचे मालक, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, येलदरीच्याच धरणावर चौकीदार होते. मी त्यांना विचारलं, "असलं यंत्र कुठं बघायला मिळेल?"

"सगळ्या मुलखात एकच हाय," मामा म्हणाले. "त्या ऑफिसातल्या सायबाच्या खिशात."

दुसऱ्याच दिवशी मी मामांबरोबर तिथं गेले. साहेबांच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "सर, चाचणीच्या आधी ते यंत्र एकदा बघायला मिळेल का?" साहेब पुण्याकडचे. त्यांनी मान वर केली आणि अगदी सभ्यपणे सांगितलं, "एका उमेदवाराला दाखवलं तर सगळ्यांना दाखवावं लागेल. चाचणीच्या दिवशीच बघा." त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण मला ते अजून सहन होत नाही.

बाहेर हेडक्लार्क बसायचे. पान खाणारे, म्हातारे, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. त्यांनी मला हळूच बोलावलं. "बेटा, यंत्र न्हाई देता येत. पण त्याच्यासंगट आलेली किताब हाय. इंग्रजी हाय, कुणी उघडून बघत न्हाई. आठ दिवसांनी आणून दे. जरा हिफाजतीनं."

सव्वाशे पानांची किताब होती ती. मी आठ दिवसांत ती सगळी दोन वह्यांमध्ये उतरून काढली, आकृत्यांसकट. डिक्शनरी मांडीवर आणि वही जमिनीवर. दिवसा देवळाच्या ओट्यावर बसायचे. काळ्या दगडाचं जुनं देऊळ, आत वटवाघळं, त्यामुळे तिथं त्रास द्यायला कुणी येत नसे. उतरताना एक गोष्ट लक्षात आली. सात-आठ नंबरचं पान नव्हतं. ब्लेडनं नीट कापून काढलेलं. नवव्या पानावर लिहिलं होतं, "मागील पानावरील चित्रात दाखवल्याप्रमाणे कळा आहेत." मी म्हटलं, असू दे. चित्रच तर आहे. कळा म्हणजे काय, ए पासून झेड आणि शून्य ते नऊ. ते मला कुणी चित्र काढून दाखवायला नको.

हा माझा शहाणपणा पुढे चांगलाच अंगाशी आला, पण ते नंतर.

किताब परत केली आणि मी ठरवलं की यंत्र मिळत नसेल तर आपणच करायचं. किताबीत यंत्राच्या आतलं सगळं सांगितलं होतं. त्याच्या पोटात सव्वीस खण असतात, प्रत्येकाला एक अक्षर, आणि एका खणात एकच आकडा राहतो. प्रोग्राम म्हणजे नंबर घातलेल्या हुकमांच्या ओळी. दहा, वीस, तीस. यंत्र एकेक ओळ वाचतं, सांगितलं तेवढं करतं, पुढच्या ओळीवर जातं. 'गोटू' आलं की सांगितलेल्या ओळीवर उडी मारतं. 'इफ' आलं की खणातला आकडा तपासतं आणि त्यावर कुठं जायचं ते ठरवतं. बस्स, एवढंच. हे तर माणसालाही करता येतं, फक्त माणसानं अक्कल बाजूला ठेवली पाहिजे.

सव्वीस काड्यापेट्या जमवल्या. चारठाण्याच्या स्टँडवरच्या हॉटेलवाल्याकडून निम्म्या, बाकी बिड्या ओढणाऱ्या नातेवाइकांकडून. भातानं पुठ्ठ्यावर चिकटवल्या, सहा-सहाच्या ओळीत, शेवटी दोन. प्रत्येक पेटीवर एक अक्षर. आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि पेटीत सरकवायचा. दुसऱ्या पुठ्ठ्यावर कळा काढल्या, ए बी सी डी अशा ओळीनं, आणि रोज त्यावर बोटं चालवायला लागले. महिनाभरात डोळे मिटून हवं ते अक्षर दाबता यायला लागलं.

ओळींवरून बोट फिरवायला मात्र कुणीतरी हवं होतं. भागाकार मी करायचा आणि आपण कुठल्या ओळीवर आहोत तेही मीच लक्षात ठेवायचं, यात घोटाळे व्हायचे. मग आत्याला बसवलं. आत्याला वाचता येत नव्हतं, पण आकडे ओळखायची. ओळींचे नंबर तिच्यासाठी मराठीत लिहिले आणि तिच्या हातात ज्वारीचा दाणा दिला. ज्या ओळीवर यंत्र आहे त्या ओळीवर दाणा ठेवायचा. दोनच नियम सांगितले. एका वेळी एकच ओळ, आणि विचार करायचा नाही.

दुसरा नियम आत्याला फार जड गेला.

"आगं, हे तर आत्ताच केलं की आपून," ती चाळीस नंबरवरून परत वीसवर यायला तयार व्हायची नाही. "पुन्ना तेच कशाला करायलीस?"

"आत्या, दहा वेळा करायचं आहे. यंत्र विचारत नाही."

"मग यडंच हाय तुझं यंत्र."

आणि मोजायला लागली की पहिल्याला कधी 'एक' म्हणायची नाही. 'लाभ' म्हणायची. आमच्याकडे धान्य मापताना, मेंढरं मोजताना पहिल्याला लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. मी ओरडायचे, "यंत्र लाभ म्हणत नाही!" ती म्हणायची, "म्हणून त्याच्या घरात बरकत न्हाई."

माझ्याही चुका होत होत्या. पेटीत नवा आकडा टाकला तरी जुनी चिठ्ठी मी त्यातच ठेवायचे. आमच्या घरात काही टाकून द्यायची रीतच नव्हती, लोकरीचा पुंजकासुद्धा. मग कुठं अडलं की मी गुपचूप जुनी चिठ्ठी बघायचे आणि उत्तर बरोबर यायचं. दोन-तीन दिवसांनी समजलं की ही लबाडी आहे. यंत्राला जुनं काही आठवत नाही. नवा आकडा आला की जुना गेला, कायमचा. मग मी नियम केला, नवी चिठ्ठी आत गेली की जुनी चुलीत. आत्याला वाईट वाटायचं. "आकडे जाळू वाटनात गं," म्हणायची. पण जाळायची.

हे सगळं फार सावकाश चालायचं. जे यंत्र डोळ्याची पापणी लवेपर्यंत करतं, ते करायला आम्हाला दीड तास लागायचा. पाहुणे यायचे, बघायचे, एकमेकांकडे बघायचे. पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं गावात झालंच होतं. मला त्याचं काही वाटलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. वाटायचं. पण सकाळी उठून पुन्हा पुठ्ठा मांडायचे.

सगळ्यात जास्त छळलं ते किताबीच्या शेवटच्या पानानं. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं की यंत्र आतमध्ये बारा आकड्यांपर्यंत हिशेब धरतं, पण पडद्यावर दहाच दाखवतं. नक्कल करायची तर पुरती करायची. म्हणून मी चिठ्ठीवर बारा आकडे लिहायला लागले आणि पेटीच्या तोंडावर खडूनं दहा. एक दिवस साधी गोष्ट करून बघितली. एक भागिले तीन, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा तीननं गुणायचं. चिठ्ठीवर आलं शून्य पूर्णांक आणि पुढे बारा नऊ. दहाच आकडे दाखवायचे, म्हणजे शेवटचा नऊ पुढच्याला चढवत जायचं, की पेटीच्या तोंडावर येतो एक. आत एक नाही, बाहेर एक. मला वाटलं आपलंच चुकलं. दोन दिवस मी तोच भागाकार करत बसले. जेवणसुद्धा गेलं नाही.

बा तेव्हा आत्याकडे आलेला होता. दिवाळीपर्यंत मेंढरं गावच्या माळावर असायची. तो उंबऱ्यावर बसून लोकर कातत बघत होता. म्हणाला, "काय अडलंय?"

मी चिडूनच सांगितलं. "बाहेर एक दिसतो, आत एक नाही. एकच आकडा दोन ठिकाणी दोन कसा असेल?"

त्यानं लोकर कातायची चाती थांबवली. "वाघरीच्या तोंडाशी मेंढरं मोजताव आमी. दारातनं किती गेली?"

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. "मला काय माहीत? समजा साठ."

"साठ. आन् माझ्या घोंगड्याच्या खोळीत सकाळी जल्मलेलं कोकरू हाय. ते मोजलं का?"

"नाही."

"न्हाई. सोताच्या पायानं दारातनं गेलं तरच आमी मोजताव. तवर मोजायचं न्हाई. पण मोजलं न्हाई म्हणून ते खोळीत न्हाई का? दारावर साठ, कळपात एकसट." आणि पुन्हा चाती फिरवायला लागला. "तुझ्या यंत्राला खोळ हाय. एवढंच."

माझा बाप अंगठेबहाद्दर. मी वही पुन्हा पुढे ओढली. मग पुढचा विचार आपोआप सुचला. 'इफ'ची तपासणी यंत्र कुठं करतं? दारावर नाही, कळपात. म्हणजे पडद्यावर एक दिसेल, आणि "हा एक आहे का?" असं विचारलं तर यंत्र नाही म्हणेल. आत्याला बसवलं, दाणा ठेवला आणि तसा प्रोग्राम चालवून बघितला. दाणा 'नाही'च्या ओळीवर जाऊन थांबला. मी वहीत लिहून ठेवलं आणि पुढे गेले.

दसरा झाला. चाचणीच्या आदल्या दिवशी बंद होता. ती नामांतराची वर्षं होती, कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं बंद व्हायचे, आणि एका ठिकाणी काचा फुटल्या की जिल्ह्यातल्या एसट्या डेपोत जाऊन बसायच्या. मामा म्हणाले, "आता कसं करायचं?" मी म्हटलं, "चालायचं." चालण्याची मला भीती घालायला निघाले होते! आम्ही पहाटे निघालो, संध्याकाळी जिंतूरला नात्यातल्यांकडे टेकलो आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी ऑफिसच्या बाकावर होतो. पिशवीत माझ्या वह्या होत्या आणि कळांचा पुठ्ठा.

सात उमेदवार होते. सहाजण मुलगे, इस्त्रीचे कपडे, त्यातल्या बहुतेकांनी परभणीला टायपिंगचा क्लास केलेला. एकेकाला आत बोलवत होते. बाहेर आलेला एकजण वैतागून म्हणाला, "यंत्रच बिघडलंय वाटतं." माझा नंबर शेवटचा.

आत साहेब आणि हेडक्लार्क. टेबलावर ते यंत्र. दीड महिना ज्याच्यासाठी जीव टाकला ते पहिल्यांदाच माझ्यासमोर होतं, आणि ते माझ्या पुठ्ठ्याहून किती लहान! साहेबांनी एक कागद दिला. "हा नऊ ओळींचा प्रोग्राम आहे. यंत्रात घाला, चालवा आणि काय येतं ते सांगा. वेळ दहा मिनिटं."

मी बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. कळा ओळीनं नव्हत्या. ए च्या शेजारी बी नव्हता. कुठलंच अक्षर आपल्या जागी नव्हतं. टायपिंग शिकलेल्याला त्यात काही नवल वाटलं नसतं, पण मी जन्मात टाइपरायटर जवळून पाहिला नव्हता. मी एकेक अक्षर शोधायला लागले. सवयीनं बोट भलत्याच ठिकाणी पडायचं, मग ते पुसायचं, मग पुन्हा शोधायचं. कानशिलं तापली. हेडक्लार्कनी तोंड फिरवलं. त्यांना माझी दया आली होती, आणि ती मला झोंबली.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "आठ मिनिटं झाली. दोन ओळी झाल्या आहेत. तुम्हाला हे यंत्र येत नाही."

"सर, यंत्र येतं," मी म्हटलं. "कळा येत नाहीत."

ते हसले. आणि असं कुणी हसलं की माझं काय होतं ते मी वर सांगितलंच आहे. मी पिशवीतून पुठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला.

"या कुठल्या यंत्राच्या कळा?"

"माझ्या. किताबीत चित्राचं पान नव्हतं. म्हणून मी ओळीनं लावल्या."

साहेबांनी पुठ्ठ्याकडे बघितलं, मग हळूच आपला हात टेबलावरून बाजूला घेतला. टेबलाच्या काचेखाली, कॅलेंडर आणि फोन नंबरांच्या मधे, ते पान होतं. सात-आठ नंबरचं. यंत्राचं चित्र, सगळ्या कळांसकट, ब्लेडनं नीट कापलेलं. त्यांनी सोयीसाठी तिथं घातलं होतं. त्या दिवशी मी दारातून दोन पावलं आत आले असते तर मला ते दिसलं असतं.

मी कागद पुढे ओढला. "सर, कळा तुम्ही दाबा. पण दाबायच्या आधी काय दिसेल ते मी लिहून देते."

प्रोग्राम साधा होता. तीन गावांत पाऊस मोजायचे डबे, प्रत्येक गावाचा वाटा एक भागिले तीन. तिन्ही वाट्यांची बेरीज करायची आणि पडद्यावर दाखवायची. ती एकाबरोबर असेल तर पुढे पावसाची सरासरी काढायची, नसेल तर 'एरर' दाखवून थांबायचं. मी लिहिलं: पहिल्यांदा एक. मग एरर. कागद उलटा करून ठेवला.

साहेबांनी भराभर कळा दाबल्या. पडद्यावर एक आला. मग एरर. त्यांनी कागद उलटून बघितला आणि खुर्चीत मागे टेकले.

"बाकीच्यांपैकी तिघं म्हणाले आपल्याच हातून कळ चुकली. तिघं म्हणाले यंत्र बिघडलंय," ते म्हणाले. "मीही तेच समजत होतो. दोनदा दुरुस्तीला पाठवलं. दोन्ही वेळा काही बिघाड नाही म्हणून परत आलं."

"बिघाड नाहीच सर. बाहेर एक दिसतो, आत बारा नऊ आहेत. तपासणी आतल्याची होते." मी थांबले, आणि मग म्हणून टाकलं, "दारावर साठ मोजली तरी खोळीत एक कोकरू असतं, तसं. त्या बेरजेतून एक वजा करून बघा. शून्य येणार नाही. उणे एक येईल, आणि बाजूला उणे बारा."

त्यांनी केलं. उणे एक, बाजूला उणे बारा. हेडक्लार्क खुर्चीतून उठून बघायला आले, म्हणाले, "वल्ला!" आणि परत बसले.

साहेबांनी यंत्र बंद केलं आणि म्हणाले, "पण चाचणी यंत्र हाताळण्याची होती. बाकी सगळ्यांनी प्रोग्राम वेळेत घातला. तुम्ही नाही."

मला रडू येत होतं आणि ते मी येऊ दिलं नाही. पिशवीतलं पत्र काढून पुढे ठेवलं. "सर, पत्रात 'आकडेमोड करता येणे आवश्यक' असं आहे. कळांचं काही लिहिलेलं नाही. कळा मी आठ दिवसांत शिकेन. हे तुम्ही बाकीच्यांना आठ दिवसांत शिकवाल का?"

आवाज चढला होता. साहेब म्हणाले, "कळवू."

कळवू म्हणजे काय ते तीन वर्षांत मला पाठ झालं होतं.

दिवाळी आली, गेली. पत्र आलं नाही. बानं एकदाही विचारलं नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. मी काड्यापेट्यांचा पुठ्ठा फळीवर ठेवला, आत्याच्या पाया पडले आणि मेंढरांबरोबर निघाले. शब्द दिला होता. आई पुढे घोड्यावर, सामानाच्या ढिगात, गुडघे कवटाळून. रस्त्यात मेंढ्या व्यायला लागल्या आणि कोकरं माझ्या खोळीत. चालताना मी मनातल्या मनात भागाकार करत होते. बारा आकड्यांपर्यंत. कुणी थांबवणार नव्हतं.

पाथरीच्या जवळ एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती, खतासाठी. दिवस कलला होता. बा वाघरीच्या तोंडाशी उभा राहून मोजत होता. लाभ, दोन, तीन. एवढ्यात बांधावरून आत्या येताना दिसली. एकटी. चारठाण्यावरून एसटी, मग जीप, मग विचारत विचारत पायी. पदराच्या गाठीत एक लिफाफा होता.

"उघडला न्हाई म्या," ती धापा टाकत म्हणाली. "विचार करायचा न्हाई म्हणली होतीस. नुसती घेऊन आले."

लिफाफ्यात हुकूम होता. पंधरा दिवसांत रुजू व्हावे. त्यातले सहा दिवस गेलेले. खाली साहेबांची सही, आणि सहीखाली शाईनं हातानं लिहिलेली एक ओळ: 'कळा शिकून यायची गरज नाही. टेबलावरच्या काचेखाली चित्र आहे.' सोबत ते पान होतं, सात-आठ नंबरचं. घडी घातलेलं. मग काचेखाली काय राहिलं, हा प्रश्न मला फार पुढे सुचला.

मी वाचून दाखवलं. आई घोंगड्यावर बसली होती, तिनं तोंडाला पदर लावला. मी बाकडे बघितलं. माझ्या खोळीत सकाळचं कोकरू होतं, ते अंगाला लागून ऊबदार झालं होतं. जायचं म्हटलं तर हे कोण उचलणार?

बा मोजायचं थांबला होता. त्यानं हात पुढे केला. "दे ते कोकरू इकडं."

मी दिलं. त्यानं ते आपल्या खोळीत घातलं, नीट, पाय आत घेऊन. मग म्हणाला, "मायला घेऊन जा संगट. तिथं तिला चालावं लागणार न्हाई. माझं मी बघताव."

आत्यानं आईला हात देऊन उठवलं. मी पिशवी उचलली. जाळीच्या आतून बाहेर यायला वाट एकच होती, मेंढरांची. मी वाकून तिथून बाहेर आले आणि उभी राहिले. मागे बा अजून तोंडाशीच होता, जाळीवर हात ठेवून, मोजायला उभा राहतो तसा. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "लाभ."